गुंडप्पांच्या घरी सगळं भरपूर

सोमवार, १० जून

अक्षराचं पत्र वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. गल्लीतल्या गुंडप्पा बांगडीवाल्यांची ही मुलगी. नांदेडला नर्सिंगला नंबर लागलाय. एक ट्रस्ट फी भरायला तयार आहे, पण घरचं उत्पन्न का पुरत नाही ते इंग्रजीत लिहून, वडिलांच्या सहीनिशी हवं — शुक्रवारपर्यंत. आणि हिने काय लिहिलंय? देवाच्या कृपेने घरात सगळं 'मोअर दॅन सफिशंट' आहे! वर 'सफाइस इट टू से', म्हणजे 'एवढंच सांगणं पुरे' — मोबाइलवरून उचललेलं.

"भरपूर आहे, तर फी कशाला मागतेस गं?"

"आप्पा म्हणले तसंच लिव, काकू."

मंगळवार, ११ जून

'इनफ' नामाच्या आधी, विशेषणाच्या नंतर. घोटून घेतलं. माझं जुनं बी.ए. कामी आलं. पोरगी हुशार आहे. 'गुड इनफ' झटकन लिहिते. 'नॉट इनफ मनी' आलं की पेन थांबतं!

शेवटी मीच दटावून लिहायला लावलं — 'अवर इन्कम इज नॉट सफिशंट.' तिने लिहिलं, आणि डोळ्यांवरून ओढणी फिरवली.

बुधवार, १२ जून

गुंडप्पा स्वतः आले. आत या म्हटलं तरी दारातच.

"बाई, कमी हाय म्हणून लिवायचं? बांगडी फुटली तरी आमी 'वाढली' म्हणतो. डबा खडखडला तरी अक्षराची माय शिवकांता भरपूरच म्हणती. लक्ष्मीच्या कानावर 'न्हाई' घालायचं नसतं."

"लक्ष्मीला इंग्रजी येत नाही हो!"

"येत असंल तर?"

माझी आईही तांदूळ संपले म्हणत नसे. पत्र घडी करून नेलं. सही करतील असं वाटत नाही.

गुरुवार, १३ जून

गुंडप्पांचं दुकान बंद. अक्षरा फिरकली नाही.

शुक्रवार, १४ जून

सकाळीच गुंडप्पा. आज आत आले. त्यांनी दिलं — पत्र, सहीसकट. 'नॉट सफिशंट' तसंच. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला. खाली बघत म्हणाले, "बाई, जवारीचं पीठ संपलंय."

संपलंय म्हणाले.

मी दिलं — पीठ, डबा दाबून भरून.