गोजरबाईंसाठी पाच प्रश्न

जालना, ४ ऑगस्ट २००६

चि. मल्हारीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेजारच्या गोजरबाईंच्या हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. डॉक्टर स्प्रिंग बसवू म्हणतात आणि या बाई नको म्हणून अडून बसल्या आहेत. तुझी स्प्रिंग नऊ वर्षांची झाली, तेव्हा मोघम न लिहिता उत्तरं दे. ती आत जाणवते का? फवारणीचा पंप पाठीवर घेतोस का? गोळ्या चालू आहेत का? ती किती वर्षं टिकते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं का? आणि भीती जाते का?

सुगंधाला आशीर्वाद. अक्षर नीट काढ.

तुझी,
दुर्गाआक्का

तीर्थपुरी, ११ ऑगस्ट

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी प्रश्नपत्रिका मिळाली. पास होण्यापुरतं लिहून राह्यलो. स्प्रिंग बिलकुल जाणवत न्हाई. पंप घेतो, तुझी भावजय सुगंधा ओरडली की ठेवतो. किती टिकल हे डॉक्टरांनाबी सांगता येत नव्हतं. म्हणले, तुम्ही लोक जसे जगाल तसं आम्हाला कळल. गोळ्या चालू हायेत, पण तिसऱ्या वर्षी बरा झालो समजून सोडल्या आन् परत दवाखान्यात पडलो. हे तुला कळू दिलं न्हाई. भीती पुरी जात न्हाई, पण कापूस वेचायला लागलं की तिची आठवण ऱ्हात न्हाई.

आता एक सांगतो. परवा गोजरबाई इथं लेकीकडं आल्त्या. बाजारात दोन हातांत दोन भरल्या पिशव्या घेऊन भाव करत होत्या. मी तब्येत इचारली. म्हणल्या, मला काय धाड भरलीय. तुमची आक्काच जिना चढताना मधी बसती.

मंग मी एकवीस तारखेला, सोमवारी येतो. नको म्हणणाऱ्या बाईंना पुण्याला, माझ्या डॉक्टरांकडं न्यायचंय.

तुझा,
मल्हारी

जालना, १६ ऑगस्ट

चि. मल्हारीस आशीर्वाद.

मी खोटं लिहिलं, ते चूक. तू गोळ्यांचं लपवलंस, ती त्याहून मोठी चूक. तू नऊ वर्षं जगलास यावरून काहीही सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे मी तीस वर्षं विज्ञानाच्या तासाला सांगत आले.

सोमवारी सकाळच्या गाडीने ये. बॅग भरली आहे.

दुर्गाआक्का

जालना, २६ ऑगस्ट २००९

चि. मल्हारीस अनेक आशीर्वाद.

आज माझ्या स्प्रिंगला तीन वर्षं झाली. जिना एका दमात चढते. गोजरबाई चिडवतात, माझ्या नावावरची स्प्रिंग बरी चालते ना?

तुझी बारा, माझी तीन. उदाहरणं दोन झाली. नियम काढायला तीही पुरेशी नाहीत, तेव्हा दोघांनीही पुढे चालू ठेवावं.

लोभ आहेच, पंप उचलून तो कमी करू नकोस.

तुझी,
दुर्गाआक्का