पुडीतलं बी

प्रिय मनिषा,

माळरानं तुडवून झाडं गोळा करणाऱ्या आपल्यासारख्यांचं दुखणं एकच: आपण नमुने पाठवतो, शास्त्रज्ञांकडून पोच येते, उत्तर येत नाही. 'आपल्यासारख्यांचं' म्हटलं म्हणून रागावू नकोस. आज तू पुण्याच्या संग्रहालयात शास्त्रज्ञ असलीस, तरी लोह्याच्या माळावर माझ्याइतकेच काटे तुझ्याही पायात मोडलेत.

तुझ्या बाबांची फार आठवण येते. कंधारच्या रस्त्यावर एसटी बंद पडली की प्रवासी ड्रायव्हरला शिव्या द्यायचे आणि आपले कंडक्टर लिंबाजीकाका झुडपात शिरलेले असायचे. जुन्या पेपरात झाडं दाबून ठेवायचे, पण मूळ कधी उपटलं नाही. "मूळ काढलं की मढंच पाठवलं म्हण की! बी घाल, बी. बिगर बियाचं काय पाठवायलीस?" मग प्रत्येक नमुन्याला बियांची एक पुडी चिकटवायची. तू वैतागायचीस, "बाबा, ते संग्रहालय हाय, कृषी केंद्र न्हाई!" ते हसत आणखी चिमूटभर बी घालायचे.

टेकडीवरचा तो पिवळ्या फुलांचा, रानमटकीसारखा वेल आठवतो? आपण तिघांनी जिल्हा पालथा घातला, पण दुसरीकडे कुठं तो दिसला नाही. त्याचं मात्र उत्तर आलं होतं: कदाचित नवी जात असावी, कंदाशिवाय सांगता येत नाही, कंद पाठवा. काकांनी खणलं नाही. "वेल पसरू द्या, मग बघू," म्हणाले. वेल पसरायच्या आत काकाच गेले. मी त्यांना दोष देत नाही, तुमच्या शास्त्रालाही नाही. पण हळहळ जात नाही.

कारण या उन्हाळ्यात रस्त्याच्या मुरमासाठी ती टेकडी खोदायला घेतली. मी अर्ज केला. साहेबांनी विचारलं, "त्या वेलाचं नाव काय?" नावच नव्हतं, मनिषा! मोर्चे गाजवणारी तुझी मैत्रीण अर्ज घेऊन परत आली. मग पोकलेनपुढं उभी राहून बोलले. टाळ्या पडल्या. पोकलेनवाल्यानंही वाजवल्या आणि म्हणाला, "ताई, लई भारी बोलता. आता सरका, मालक ओरडायलाय." चौघी महिला पोलिसांनी धरून मला बाजूला नेलं. श्रावण सरला. खड्ड्यात पाणी आहे, वेल नाही.

आपल्याला ठाऊक असलेला तो वेल आता एकाच ठिकाणी उरलाय: तुझ्या ताब्यातल्या कपाटात, कागदाला चिकटलेला. शेजारी काकांची पुडी. जुन्या नमुन्यातलं काही काढायचं नाही, हा तुमचा नियम मला माहीत आहे आणि तो बरोबरही आहे. पण शेंगेचं कडक सालीचं बी वर्षानुवर्षं दम धरतं. वरिष्ठांकडे परवानगी माग. नाही म्हणाले तर मला बोलाव, भांडायला मी येते. पण ती पुडी उघड. अर्धं बी तिथंच राहू दे. उरलेलं दगडावर घास, भिजव आणि पेर.

तुझीच,
रूपाली