बावन्न पत्ते, सव्वीस घरं

कळंबोली,
१० फेब्रुवारी १९८६

आदरणीय सितारामदादा यांस मारोतीचा सप्रेम जयभीम.

(तीर्थरूप लिहायची पद्धत आहे, पण तीर्थांवर माझा विश्वास नाही, हे तू पंचवीस वर्षं ऐकत आला आहेस. तुझ्यावर आहे.) तुझा गुडघा कसा आहे? गोजरावहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल. म्हणजे मी खुशाल, आणि भिमाबाई माझ्याशी बोलत नाही. कारण ऐकशील तर तूही बोलणं सोडशील. मी पत्त्यांच्या नादी लागलो आहे.

घाई करू नकोस दादा, पुढे वाच. जानेवारीत आपली वस्ती जाळल्याच्या खटल्यात माझी साक्ष झाली. तू आला नव्हतास, म्हणून तुला गावातून तिखटमीठ लावून कळलं असेल; खरं त्याहून वाईट आहे. सरकारी वकिलांची सगळी भिस्त माझ्यावर. कागद न घेता तीन-तीन तास बोलणारा माणूस अकरा आरोपींची नावं सांगणार नाही का? आरोपींच्या वकिलाने एवढंच विचारलं, की त्या दुपारी पुढे कोण होता, मागे कोण होता, कुणाच्या हातात काय होतं ते क्रमाने सांगा. मी पिंजऱ्याचा कठडा धरला, समोर बाकांवर माणसं दिसली, आणि माझ्यातला वक्ता उठला. मी माणसाच्या गुलामगिरीच्या इतिहासापासून सुरुवात केली. रोमपर्यंत पोचलो (रोमवर मी चांगलं बोलतो), तेव्हा न्यायाधीश म्हणाले, नावं सांगा. मी तीन सांगितली. त्यातला एक त्या दिवशी पाय मोडून सासुरवाडीला पडला होता. दुसरा जाळपोळीच्या दोन वर्षं आधीच मेला होता. तिसरं नाव बरोबर निघालं, पण बोट दाखवलं ते कोर्टाच्या कारकुनाकडे. वकील हसला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "साक्षीदार वाचलेलं सांगतात, पाहिलेलं नाही." उरलेली उलटतपासणी २६ तारखेवर गेली. तोवर मी सुधारलो नाही तर अकराच्या अकरा सुटणार, आणि तुझ्या घरात जाईकाकी जळून मेली ती चुलीतली ठिणगी उडून मेली असं कागदावर कायमचं राहणार.

म्हणून बेलापूरला रावसाहेबांकडे गेलो. हे सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. पुस्तकं वाचून वाचून त्यांनी स्मरणशक्ती कमावली आहे. ते म्हणाले, "मारोतराव, माणूस नाव विसरतो, घर विसरत नाही. पत्त्यांचा कॅट घ्या. प्रत्येक पत्त्याला एक माणूस नेमा. मग ओळखीच्या घरांतून मनाने फिरा आणि एकेकाला जागेवर बसवा. बावन्न पत्ते पाच मिनिटांत पाठ झाले की कोर्टात तुम्हाला कुणी हलवू शकणार नाही." आता ओळखीची घरं मी कुठून आणू? कळंबोलीत सगळं नवं, आमच्या चाळीच्या भिंती इतक्या सारख्या की मी स्वतः दोनदा शेजारच्या विमलबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी मागितलं आहे. मनाने फिरण्याइतकी ओळखीची एकच जागा निघाली. आपल्या वस्तीत सव्वीस घरं होती, दादा. एका घरात दोन पत्ते, एक दाराशी आणि एक चुलीशी. बरोबर बावन्न. जणू कुणीतरी मोजून जाळली.

माणसं नेमताना थोडी वैचारिक अडचण आली. चार राजे मी बरखास्त केले आणि त्यांच्या जागी चार शिक्षक नेमले. गुलाम हे नाव आपल्या कुणाला देणं तत्त्वात बसेना, म्हणून तिथे आरोपींतले चौघे घातले. बदाम राणी गिरजाआत्या, किलवर सत्ती पोपटमामा, चौकट दुर्री त्याची शेळी (माणसं संपली होती). पहिल्या दिवशी कॅट पाठ व्हायला अडतीस मिनिटं लागली. आठवड्यात एकोणीस, मग बारा, मग नऊ. नऊच्या खाली उतरेना. रावसाहेबांनी घड्याळ लावून शोधून काढलं, की अठरा घरं मी धावत करतो आणि एकोणिसाव्यावर अडतो. एकोणिसावं घर तुझं. मी पत्ता ठेवायला दाराशी जातो, तर जाईकाकी उंबऱ्यावर बसलेली. विचारते, "पोरा, जेवलास का?" आता हिला ओलांडून आत पत्ता कसा ठेवू? रावसाहेब म्हणाले, ते घर वगळा. मी म्हटलं, साहेब, त्याच घरासाठी बाकीची पंचवीस पाठ करतोय.

इकडे भिमाबाईचा संयम संपला. "वीस वर्षं वस्त्यावस्त्यांतून जुगाराविरुद्ध भाषणं ठोकलीत, आणि आता उशीखाली इस्पिकचा एक्का! निघा बाहेर." मी ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मालाच्या बिल्ट्या लिहितो तिच्या आवारामागे जेवणाच्या सुट्टीत ट्रक ड्रायव्हर तीन पत्ती खेळत बसतात. त्यांच्यापासून दहा हात लांब, एका ट्रकच्या सावलीत मी माझा सराव करू लागलो. गेल्या मंगळवारी पोलिसांची धाड पडली. ड्रायव्हर सवयीचे, ते पळाले. मी एकोणिसाव्या घराशी उभा होतो, मला काही ऐकू आलं नाही.

ठाण्यात गोटीराम नावाचे हवालदार, इथल्याच खाडीकाठच्या गावचे. त्यांनी विचारलं, कुणाबरोबर खेळत होता? मी म्हटलं, एकटाच.

"एकटाच? मंग हरला कोन?"

दादा, प्रश्न रास्त होता. तरी मी खुलासा केला, स्मरणशास्त्र समजावलं, आणि म्हटलं, पिसा कॅट. त्यांनी पिसला. सगळं ठाणं भोवती जमलं. मी एकदा पत्ते पाहून घेतले आणि इस्पिक नव्वीपासून शेवटच्या पत्त्यापर्यंत ओळीने म्हणून दाखवले, एकही चूक नाही. एका शिपायाने तर टाळी वाजवली. गोटीरामांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, "येवढं ध्यानात ऱ्हातंय म्हंजे पक्का जुगारी हाय. लिव नाव." सायंकाळी ताकीद देऊन सोडलं, पण नाव जुगाऱ्यांच्या वहीत राहिलं. आता आरोपींच्या वकिलाला साक्षीदार खोटा ठरवायला माझी विस्मरणशक्ती नको, माझी स्मरणशक्तीच पुरेल.

वहिनींना जयभीम सांग. गुडघ्याला तीळतेल लाव, गरम करून.

तुझा भाऊ,
मारोती

ता. क. तारीख बुधवार, २६. सकाळी अकराला पुकारा होतो. जिल्ह्याच्या स्टँडवरून कोर्ट चालत दहा मिनिटं.

ता. क. दुसरा, आणि हा वहिनींनी मोठ्याने वाचू नये. दादा, अकरा नावं मला आता झोपेतही येतात. पण ती मी फिर्यादीच्या नकलेवरून पाठ केली आहेत. आरोपींचा वकील खरं बोलला. त्या दुपारी मी समाजमंदिराच्या भिंतीमागे बसलो होतो, चाळीस पावलांवर, आणि मला दिसल्या त्या पाठी. चेहरे तू पाहिलेस. काकीला बाहेर ओढायला गेलास तेव्हा ते तुझ्यापासून हातभर होते. पोलिसांना तू सांगितलंस, धुरात काही दिसलं नाही. का सांगितलंस ते मला कळतं; त्यांच्याच शेतावर तुला दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं. आठ वर्षांत मी त्यावर एक शब्द बोललो नाही, आणि माझ्यासारख्याला हे किती जड गेलं असेल ते तू जाणतोस. काल मी आपल्या सरकारी वकिलांना सांगितलं, की २६ला मी पाठीच पाहिल्या एवढंच सांगणार. त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, अर्ज देऊन दुसरा साक्षीदार आणता येईल, असेल तर नाव द्या. मी दिलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही. विचारतो आहे.

ता. क. तिसरा. साक्षीनंतर तुम्हा दोघांना गावात राहता येणार नाही, हे मी धरून चाललो आहे. भिमाबाईने आमच्या खोलीत मधोमध पडदा बांधला आहे. खिडकीकडची बाजू तुमची.