राजेश्वरीचे मासे

२ सप्टेंबर १९९६, बारामती
राजेश्वरी पंचमीला भिगवणला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. येईल. आमच्यात भांडण नाही. उलट जायच्या आधी महिनाभर ती काही बोलतच नव्हती, म्हणजे मिटलंच होतं. मेहुणा जयवंता भेटला. म्हणाला, दाजी, न्यायला या की, वाट बघतीया. बघू म्हटलं. तिच्या माशांकडं इथं कोण बघणार? एवढ्या हौसेनं तिनं ती काचेची पेटी आणलीय.

५ सप्टेंबर
बाजारात मासेवाला आला होता. एक नारंगी मासा घेतला. सरप्राइज! तिचं म्हणणं, नवा मासा आधी काही दिवस बरणीत वेगळा ठेवावा. कशाला? आमच्या पिढ्या मेंढरांमागं गेल्या. नवं मेंढरू आणलं की कपाळाला भंडारा लावायचा आणि कळपात सोडायचं. झालं ते घरचं. मीही चिमूटभर भंडारा पाण्यात टाकला आणि मासा सोडला. पाणी जरा पिवळं झालंय, पण छान दिसतं.

९ सप्टेंबर
माशांच्या अंगावर पांढरे ठिपके, रवा लागल्यासारखे. वयात येत असावेत. खड्यांवर अंग घासतात. खेळकर झालेत. राजेश्वरी असती तर खूश झाली असती.

१० सप्टेंबर, सकाळी
दोन मेले. वयात येत नव्हते.

११ सप्टेंबर
कळसला जाऊन आबांना विचारलं. वडिलांचा अनुभव दांडगा. म्हणाले, रोगट जनावर कळपातनं काढ. ठिपकेवाले बादलीत टाकले. पेटीतले ठणठणीत. प्रश्न सुटला.

१३ सप्टेंबर
ठणठणीत होते त्यांनाही ठिपके. बादलीतले गेले. शेवटी फिशटँकवाल्याकडं गेलो. म्हणाला, हा जंतू आहे. अंगावरून गळतो, खड्यांत वाढतो, पुन्हा चिकटतो. मासे वेगळे करून भागत नाही, सगळ्या पाण्याला औषध पाहिजे. निळं औषध, खडेमीठ, पाणी कोमट. आणि ठिपके गेले तरी दोन आठवडे औषध बंद करायचं नाही. शेवटी धंदेवाला माणूस. त्याला बाटल्या खपवायच्या. एकच घेतली.

१६ सप्टेंबर, गणपती
ठिपके गेले! औषध बंद. उद्याच भिगवणला जातो.
संध्याकाळी: नको. गौरीला ती आपणहून येईलच. गौरी घरात आणायला घरची बाई लागते.

२० सप्टेंबर
गौरी शेजारी साखरबाईंकडं आल्या. आमच्याकडं कुणी आणल्याच नाहीत. साखरबाईंनी जेवायला बोलावलं. राजेश्वरी कधी येणार, असं विचारलं. मासे आजारी आहेत म्हटलं. त्यांनी आणखी एक पुरणपोळी वाढली.
ठिपके परत आलेत, दुप्पट.

२४ सप्टेंबर
औषध पुन्हा चालू केलं, पण उशीर झाला. नारंगी मासापण गेला. एकटी सारजा उरली, राजेश्वरीची काळी मासोळी. सारजा हे नावही तिनंच ठेवलंय. मी जवळ गेलो की सारजा वर येते. खाण्यासाठी येते, ठाऊक आहे. पण येते तरी. घरात दुसरं कोण येतंय?

२९ सप्टेंबर
सारजाला बरणीत घालून एसटीनं भिगवणला गेलो. म्हटलं, मासोळी बघून तरी ती निघेल.
राजेश्वरी दारात आली. बरणी घेतली, उजेडात धरली. बाकीचे कुठंयत, तिनं विचारलं. गेले म्हटलं. औषध मधीच बंद केलं का, असं विचारलं. मी म्हटलं, ठिपके गेले होते ना.
"ठिपकं गेलं म्हंजी बरं झालं, असं वाटलं व्हय तुमाला?" ती म्हणाली. "मी गप झाले तवा बी तुमाला तसंच वाटलं."
मी सगळं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही आठवेना. घरी चल, एवढंच म्हटलं.
"सारजा ऱ्हाऊ द्या हितं. तुमी जावा, गाडी चुकंल."
गाडी चुकली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं.
घरी आलो तर पेटीतला पंप चालूच होता. रडू आलं, खूप वेळ आलं. मग उठून त्या रिकाम्या पाण्यात निळं औषध टाकलं. रोज टाकणार आहे, पुरे दोन आठवडे. या वेळी मधे बंद करायचं नाही.