ओळखा, बाबा काय करतात?

नागपूर

माय, तुझ्या अन् बाबाच्या पाया पडते.

फोनवर आजारी बाबाच्या उशापाशी बसून तुले मोकळं बोलता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी. मी मजेत आहो. डबा बरा आहे, खोलीत कूलरही आहे.

वर्गात मी खेळातून इंग्रजी शिकवून राहिली. एकानं न बोलता आपल्या बाबाचं काम करून दाखवायचं, बाकीच्यांनी इंग्रजीत ओळखायचं. ड्रायव्हर, टेलर, कुक. लई हसतात पोरं.

काल रुचिका समोर आली अन् डोळे मिटून फरशीवर पडली. पोरं ओरडली, "स्लीपिंग!" मी "व्हेरी गुड" म्हणून टाळ्या वाजवायले लावल्या. ती उठलीच नाही. तिच्या मैत्रिणीनं हळूच सांगितलं, "मॅडम, तिचे बाबा मागच्या महिन्यात वारले."

मी तिले उचललं, तर मलेच विचारते, "मॅडम, बरोबर केलं ना मी?"

धाकट्या प्रीतीचे पेपर कसे गेले? बाबाचा हातमाग अजून बंदच आहे का वं?

जेव्हा फोन लावते, तेव्हा तू म्हणते, "तुझा बाबा निजला आहे." एकदा त्याले उठव, माय. मले आवाज ऐकू दे.

तुझी,
धनश्री