तंद्रीतले गाळलेले सात

ती. ताई,

माझे गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा साष्टांग नमस्कार कागदावरच घालतो. पोचला असं समज. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? (मी मनाचा डॉक्टर आहे, खोकल्याचं मला विचारू नका, असं त्यांना पुन्हा एकदा सांग.)

माझं विचारशील तर बरं नाही. ही जाऊन पाच महिने झाले, आणि गेल्या आठवड्यात ध्यानात आलं की तिचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवतो, पदराने चष्मा पुसणं आठवतं. आवाज मात्र साफ गेला. आणि मी कोण? एकतीस वर्षं माणसांना तंद्रीत नेणारा! दहापासून उलटे आकडे मोजायचे, एकापर्यंत पेशंट खोल उतरतो, तिथे त्याला गेलेली माणसं भेटतात, बोलतात. मग तो पोटभर रडतो आणि हलका होऊन घरी जातो. म्हटलं, जन्मभर लोकांना वाढलं, आता एक घास आपणही घेऊ.

मंगळवारी दुपारी स्वतःच्याच कोचावर आडवा झालो आणि म्हाताऱ्या कंपाउंडरला माझ्याच आवाजाची टेप लावायला सांगितली. (त्याने आधी मला बूट काढायला लावले. नियम म्हणजे नियम.) दहा, नऊ, आठ, सहा... कंपाउंडर स्टुलावरच घोरायला लागला. बाहेर बाकावरच्या बाई भिंतीला टेकून गाढ. त्यांना म्हणे त्यांची आजी भेटली, डोळे पुसत माझे आभार मानून गेल्या. मी तेवढा टक्क जागा. छताचे पोपडे मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, या टेपवाल्या माणसाला सर्दी झालेली दिसते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी आहे.

सात नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या पद्धतीत ते गाळतात. त्यावर माझ्या विद्यार्थ्यांनी तीन निबंध लिहिलेत, मनाला तिथे ठेच लागते, जाणिवेचं दार किलकिलं होतं, वगैरे. मी गंभीरपणे मान डोलावतो. खरं काय ते तुला ठाऊक आहे. लहानपणी मला निजवताना तू उलटे आकडे म्हणायचीस आणि तुलाच पेंग यायची, म्हणून सात राहून जायचे. माझं सगळं नाव तुझ्या पेंगेवर उभं आहे, ताई. हे फक्त हिला सांगितलं होतं.

तुझा,
(स्वतःला सोडून सगळ्यांना निजवणारा) धाकटा भाऊ

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. तुझ्या आवाजात दहापासून एकापर्यंत आकडे फोनवर रेकॉर्ड करून पाठव. नात करून देईल. भाऊजींना तेवढा वेळ बाहेर बसव.

आणखी एक ता. क. सात मात्र गाळायचे हं, आता शहाणपणा करून म्हणू नकोस. दवाखान्याच्या आणि घराच्या मध्ये एकच दार. मी आठावरून सहावर आलो की ही, सगळं ठाऊक असूनही, दर वेळी पलीकडून ओरडायची, "अहो, सात राहिले!" पेशंटसमोर माझी फजिती व्हायची, मी चिडायचो. तू गाळलेस तर तिला राहवणार नाही.