फ्रातेर म्हणजे भाऊ

॥ श्री ॥
कोथरूड, ८ जानेवारी २०२४

चि. कल्याणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. धायरीहून इथवर यायला त्याला चार दिवस लागले; चालत निघालं असतं तर लवकर आलं असतं. एप्रिलमध्ये परदेशातल्या विद्यापीठाची लॅटिनची प्रवेशपरीक्षा, आणि तू पुस्तक आत्ता उघडलंस. याला धाडस म्हणायचं की गाढवपणा, ते निकालच सांगेल. तरी शिकवते. तीस वर्षं संस्कृतच्या वर्गात काय काय सोसलं, त्यात तू एक.

अटी दोन. फोन करायचा नाही. पाच वाक्यं स्वतः रचून टपालानं पाठवायची, मी लाल शाईनं तपासून परत करीन. दुसरी अट, तुझ्या बापाविषयी मराठीत एक अक्षर लिहायचं नाही. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात त्यानं, रंगरावानं, माइक हातात घेऊन सांगितलं, की अक्काला आठही विभक्ती पाठ आहेत, पण संबोधनाला घरी कुणी नाही. सगळं सभागृह हसलं, तुझी आईसुद्धा. अकरा वर्षं झाली. मला ते हसू अजून ऐकू येतं.

घोकंपट्टी कमी आणि समज जास्त असावी, एवढंच मागणं.
मुक्ताआत्या

॥ श्री ॥
धायरी, ३ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. मुक्ताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या लाल शाईनं माझी वही मिसळीच्या कटासारखी दिसते. आई म्हणते, आत्यांचा हात अजून तसाच तिखट आहे.

या वेळची वाक्यं सोबतच्या कागदावर आहेत. दासी पाणी आणते, शेतकरी मुलीला गुलाब देतो, सैनिक पळून जातो, ही तीन पुस्तकातल्यासारखीच. शेवटची दोन माझी आहेत. फ्रातेर तूउस ऐगेर एस्त, म्हणजे तुझा भाऊ आजारी आहे. फ्रातेर तूउस ते वोकात, म्हणजे तुझा भाऊ तुला बोलावतो. अर्थ दिलाय तो व्याकरणापुरता. तुमची अट मोडलेली नाही.

ही दोन वाक्यं कृपा करून दोनदा वाचा. लवकर उत्तराची वाट पाहणारी,
कल्याणी

॥ श्री ॥
कोथरूड, १२ फेब्रुवारी २०२४

चि. कल्याणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सैनिक अनेकवचनात पळाला आणि क्रियापद एकवचनात मागे राहिलं. शेवटच्या दोन वाक्यांत मात्र एकही चूक नाही. विषयाच्या बाबतीत कल्पनेचं दारिद्र्य आहे, पण परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत.

आता भूतकाळ. आजारी आहे, हे वाक्य भूतकाळात लिही. एरात म्हणजे होता, आणि ते होणं चालू होतं. फुइत म्हणजे होता आणि संपला. हा फरक पक्का कर.

आणखी एक. सोरोर, म्हणजे बहीण, हिचं प्रथमेचं आणि संबोधनाचं रूप एकच. कोणी बहिणीला हाक मारतंय की नुसतं नाव काढतंय, ते संदर्भावरून ओळखायचं. आपल्या मराठीतही कितीतरी शब्दांचं असंच आहे.

अभ्यासात खंड नसावा.
मुक्ताआत्या

धायरी, ९ मार्च २०२४

ती. स्व. मुक्ताआत्यास,

वर श्री नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल.

तीन आठवडे मी रोज एरात लिहीत होते. आजचं वाक्य: फ्रातेर तूउस फुइत. बाबा परवा सकाळी गेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आई तुम्हाला फोन कर म्हणत होती. मी तुमची अट पाळली. रागानं पाळली, हेही सांगते.

यात काही चूक असेल तर लाल शाई वापरावी.
कल्याणी

कोथरूड, १४ मार्च २०२४

चि. कल्याणी,

वाक्यं मला तेव्हाच कळली होती. मला वाटलं, स्वतः माफी मागायचं सोडून पोरीला पुढे करतोय. एक ओळ त्यानं स्वतःच्या हातानं लिहावी म्हणून मी अडून बसले. तो इतका आजारी असेल असं वाटलं नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. वाटलं होतं.

शेवटी काही बोलला का? माझ्यासाठी म्हणून काही? मराठीत लिही. अट मी काढून घेतली आहे. फोन केलास तरी चालेल.

मुक्ताआत्या

धायरी, २० मार्च २०२४

ती. स्व. मुक्ताआत्यास,

फोन करत नाही. टपालाची सवय तुम्हीच लावलीत.

बाबा बोलले. त्या सकाळी एकच शब्द बोलले, अक्का. ती हाक होती की नुसती आठवण, हे तुम्ही विचाराल. रूप दोन्हींचं एकच आहे. संदर्भावरून ओळखायचं, असं तुम्ही शिकवलंत. तो संदर्भ त्या खोलीत होता आणि मी तिथे होते. मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. आपल्यातला लोभ एरात की फुइत, तेवढं तपासून परत करावं.

कल्याणी